तापमान कोठले?



विमानाच्या इंजिनाचे तापमान किती, हा प्रश्न सोपा वाटतो. परंतु ते कोठे मोजले, हे ठरल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. रोटरी इंजिनाच्या बाबतीत तर या दुसऱ्या प्रश्नावर वैमानिकाचे प्राण अवलंबून असतात.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतील हे इंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले. त्यात पुढेमागे होणारे दट्टे नसतात. तिकोनी रोटर लंबगोल कोठीत फिरतो. माझदा कंपनीचे १३०८ घनसेंटिमीटरचे ‘१३बी’ इंजिन मुळात मोटारीचे. पण स्वतःचे छोटे विमान स्वतः बांधणाऱ्या हौशी मंडळींनी, विशेषतः अमेरिकेत, ते विमानात बसवले. भारतातही अहमदनगरची व्हीआरडीई आणि बंगळुरूच्या एनएएल व एडीई या संस्थांनी मिळून वांकेल इंजिन सिद्ध केले. त्याच्या बळावर ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान २००९ मध्ये कोलार येथे उडाले.

दट्ट्याच्या इंजिनात ज्या जागी ज्वलन होते, तेथेच पुढच्या फेरीत थंड हवा येते. रोटरी इंजिनात ज्वलन नेहमी कोठीच्या एका बाजूस आणि हवेचा प्रवेश दुसऱ्या बाजूस. त्यामुळे एक बाजू सदैव तापलेली, दुसरी तुलनेने थंड. ‘१३बी’मध्ये ॲल्युमिनियमच्या कोठ्या आणि लोखंडी पाखे लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. उष्णता हाताबाहेर गेली की सांध्यातील रबरी कडी निकामी होते आणि कूलंट थेट ज्वलनकक्षात शिरते.

म्हणून तापमापक सेन्सरची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कूलंटच्या वाटेवर, रेडिएटरच्या आधी, एक सेन्सर हवाच. रेडिएटरच्या पुढे दुसरा बसवला, तर दोहोंतील फरकावरून रेडिएटर किती काम करतो ते कळते. सेन्सरचे टोक वाहत्या प्रवाहात बुडालेले असावे. कोपऱ्यात साचलेल्या द्रवात किंवा हवेचे बुडबुडे अडकणाऱ्या उंचवट्यावर नसावे.

निवडीचाही विचार तसाच. निष्कास वायूच्या प्रचंड उष्णतेसाठी थर्मोकपल योग्य; कूलंटसाठी थर्मिस्टर किंवा प्लॅटिनमचा रोधमापक सोयीचा. कूलंटसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढताच घटतो. त्याची तार तुटली, तर रोध अमर्याद होतो आणि संगणक इंजिन गारठले आहे असे समजून जादा इंधन ओततो. यास्तव इंधन सांभाळणाऱ्या संगणकाचा सेन्सर वेगळा आणि वैमानिकाच्या काट्याचा वेगळा ठेवावा. विद्युत्प्रवाहाच्या परतीसाठीही इंजिनाच्या धातूवर विसंबून न राहता स्वतंत्र तार ओढणे हिताचे.

सर्वांत घातक गोष्ट निराळीच आहे. नळी फुटून कूलंट वाहून गेले, तर सेन्सरचे टोक कोरडे पडते. हवेकडून त्याला द्रवासारखी उष्णता मिळत नाही. इंजिन जळत असते आणि काटा शांतपणे खाली येतो! सेन्सर बिघडलेला नसतो. तो आपल्या टोकाचे तापमान प्रामाणिकपणे सांगत असतो. म्हणून जाणते लोक त्याच्या जोडीला कूलंटचा दाब मोजणारा सेन्सर बसवतात. दाब अचानक ओसरला की काटा काहीही म्हणो, विमान तातडीने उतरवण्याचा विचार करावा लागतो. रोटरला थंड ठेवणाऱ्या तेलाच्या तापमानावरही तेवढीच नजर हवी.

सेन्सर बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा उकळत्या पाण्यात होते. तेथेही स्थळ विसरून चालत नाही. मुंबईत १०० अंशांना उकळणारे पाणी इंदुरास सुमारे ९८ अंशांनाच उकळते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, हे त्याचे कारण. उलट प्रेशर कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. कूलंटवर दाब ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे, आणि शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील हा धडा विमानात असा कामी येतो.

आकडा खोटा नसूनही अपुरा असू शकतो. तो कोठे, कशाने आणि कोणत्या स्थितीत घेतला, हे विचारण्याची सवय शाळेने लावली, तर तिच्या साठ वर्षांचे चीज झाले असे म्हणावे.