खेळत्या भांडवलाचा धडा

माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहत पडद्यामागे नटूनथटून उभ्या असलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मघाशी वाणिज्य शाखेच्या प्रकल्पांची यादी चाळली. टाटा आहेत, किर्लोस्कर आहेत, अंबानी तर दोनदा आहेत. बाईचं नाव एकही नाही. प्रकल्पांची बक्षिसं मात्र बहुतेक मुलींनीच नेली!

तुम्ही 'खेळतं भांडवल' शिकता, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा. पुस्तकात त्याला उदाहरण असतं कारखान्याचं. मी मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांचं देतो. कोकणातला, घाटावरचा गिरणी कामगार बायकापोरांना गावी ठेवून मुंबईत यायचा आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे दोन वेळ जेवायचा. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभराचं धान्य, तेल, रॉकेल आधी तिनं भरायचं. वाण्याकडे उधारी, नडलं तर सावकाराचं जबर व्याज. संप झाला, पगार थांबला, तरी पानं वाढावीच लागत. गिरणीच्या ताळेबंदात ती कुठेच नव्हती, पण तिन्ही पाळ्यांच्या पोटाची उधारी तिच्या अंगावर होती. प्रेमा पुरव या गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्तीनं ही अडचण ओळखली. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. बाई तीच, चूलही तीच. फक्त भांडवल स्वस्त झालं, आणि तिचा धंदा उभा राहिला. खेळतं भांडवल याहून सोपं करून कोण शिकवणार?

साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांनी तर बँकच काढायची ठरवली. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा त्यांच्यासोबत होत्या. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. आपल्यातल्या किती जणांना कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढता येणार नाही? हात वर करू नका, मलाही करावा लागेल.

बाईचं काम हिशेबात न दिसणं काही आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जुन्या जनगणनांत बाईच्या नावापुढे नुसतं 'पत्नी' लिहिलेलं असे. शेतात, घरच्या धंद्यात ती राबत असली तरी. ते न नोंदलेलं काम गोल्डिन यांनी दप्तरं उपसून मोजलं. आपल्याकडेही असं मोजायचं काम पुष्कळ पडलंय.

म्हणून प्राध्यापकांना एक विनंती. हे सगळं आठ मार्चच्या फलकावर नको, परीक्षेला येणाऱ्या धड्यात घ्या. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वर्षी प्रकल्पासाठी गावातल्या एखाद्या बचत गटाचं किंवा खाणावळीचं हिशेबाचं रजिस्टर मागा. मुलग्यांनीसुद्धा.