भुतांचा वाडा

सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाने फावल्या वेळात काय करावे, याविषयी समाजाच्या काही ठरलेल्या कल्पना आहेत. त्याने बागेत गुलाब लावावेत, पोस्टाची तिकिटे जमवावीत, फार तर निवृत्तीच्या सुमारास संतवाङ्मयावर चार लेख लिहावेत. मी यांपैकी काहीच करीत नाही. गेली सहा वर्षे बंगळूरच्या माझ्या सरकारी निवासस्थानात, रात्रीची जेवणे आटोपली की, मी भुतांचा एक वाडा बांधीत बसतो. हा वाडा दगडाविटांचा नाही. तो संगणकाच्या पडद्यावरचा आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर, मी एकट्याने एक खेळ तयार करीत आहे. हे ऐकून माझे सहकारी सौजन्याने विषय बदलतात. अशा वेळी मी म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांचे स्मरण करतो. पटावरचे कितीतरी नवे खेळ त्यांनी स्वतः रचले आणि 'श्रीतत्त्वनिधी' या त्यांच्या ग्रंथात 'कौतुकनिधी' नावाचा एक भाग खेळांसाठीच राखून ठेवला. राजाला जे शोभले, ते त्याच प्रांतात नोकरीला आलेल्या कारकुनी पेशाच्या माणसालाही शोभावे.

माझा खेळ ज्या कुळातला आहे, त्या कुळाचा मूळपुरुष १९८० साली अमेरिकेत जन्मला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन हे दोन विद्यार्थी होते. त्या काळी संगणकावर गुहांत हिंडण्याचे, कोडी सोडविण्याचे खेळ लोकप्रिय झाले होते. परंतु त्यांत एक उणीव होती. कोडे एकदा सुटले की त्यातला रस संपे, आणि ज्याने ते रचले त्याला तर पहिल्यापासूनच रस नसे. ज्याने आपल्या कर्त्यालाही चकित करावे, असा खेळ या दोघांना हवा होता. म्हणून त्यांनी भुयार रचण्याचे काम संगणकावरच सोपविले. पडद्याचे नऊ भाग करायचे, त्यांत खोल्या मांडायच्या, खोल्या बोळांनी जोडायच्या आणि हे सारे दर खेपेला नव्याने करायचे. पुढे बर्कलेचा केन आर्नल्ड त्यांना येऊन मिळाला. चित्रे मुळीच नव्हती. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळी, एवढ्या पडद्यावर खेळाडू म्हणजे एक चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली सव्वीस अक्षरे. खाली खाली उतरत सव्विसाव्या मजल्यावरचा ताईत मिळवायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचे.

या खेळाचे नाव 'रोग'. इंग्रजीत त्याचा अर्थ लबाड, भटक्या असा होतो. आपल्याकडे तो शब्द वेगळ्याच कारणासाठी परिचित असल्यामुळे, त्याच्या वंशातल्या खेळांना 'रोगलाइक' म्हणतात हे मी घरी सांगितले तेव्हा माझ्या आईने मला डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला. या कुळाचे दोन कुलाचार आहेत. पहिला असा की, तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय त्या जगातले पानही हलत नाही. विचार करायला हवा तेवढा वेळ घ्यावा. दुसरा असा की, मरण आले म्हणजे ते खरे मरण. मागच्या दाराने परत येता येत नाही. पुन्हा आरंभ करायचा तो पहिल्या पायरीपासून, आणि तोही अनोळखी वाड्यात.

बंगळूरला असल्या उद्योगाची हवा आहे. ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातली संगणकीय खेळांची आद्य संस्था १९९७ साली याच शहरात स्थापन झाली. परंतु आपल्याकडची पुष्कळ कुशल माणसे दीर्घकाळ परदेशी खेळांतल्या मोटारी आणि इमारती रंगवीत आली. आपल्या कल्पनेतला खेळ आपल्याच जोखमीवर करणे ही गोष्ट निराळी. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओने २०१७ साली 'असुरा' हा खेळ काढून ती केली. त्यात पौराणिक वळणाचे जग आहे आणि रोगच्या कुळातला दर खेपेस बदलणारा मार्गही आहे. माझी धाव एवढी नाही. मला चित्र काढता येत नाही आणि मला खेळ विकायचाही नाही. अक्षरे मात्र येतात.

तेव्हा माझ्या वाड्यात अक्षरे आहेत आणि ती आपली आहेत. मराठी माणसाला भुतांची टंचाई कधीच नव्हती. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, उलट्या पावलांची हडळ, वाटसरूला रात्रभर एकाच माळावर फिरविणारा चकवा आणि या सर्वांचा राजा वेताळ, अशी नुसती यादी केली तरी खेळाचे निम्मे काम होते. अडचण आली ती लिपीची. इंग्रजी अक्षर एका घरात निमूटपणे बसते; आपल्याकडे वेलांटी मागे धावते, उकार खाली लोंबतो आणि जोडाक्षर शेजाऱ्याच्या घरात पाय पसरते. अखेर मी प्रत्येक भुताला बिनमात्रेचे एकच अक्षर दिले. वेताळ 'व' झाला, मुंजा 'म' झाला. भुते स्थानापन्न झाली.

एक भूत मात्र मी बंगळूरकडून घेतले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या शहरात अशी अफवा पसरली होती की, रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात दार ठोठावते आणि दार उघडणाऱ्याचा बळी घेते. त्यावर लोकांनी उपाय काढला. दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा' असे लिहायचे. म्हणजे 'उद्या ये'. भूत ते वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येते आणि पुन्हा तेच वाचते. ही कथा प्रथम ऐकली तेव्हा मी फार हसलो, कारण सरकारी कचेरीत ज्याने वर्षे काढली त्याला हा मंत्र नवा नाही.

मी तो खेळात घातला. खेळाडूला खडूचा एक तुकडा सापडतो. त्याने दारावर 'नाळे बा' लिहिले की आलेले भूत परत फिरते, हा पहिला नियम. परत फिरलेले भूत दुसऱ्या दिवशी येते, हा दुसरा. आणि दर वेळी अक्षरे थोडी पुसट होतात, ती गिरवायला खडू झिजतो, हा तिसरा. तीनही नियम मी नीट तपासले. तिन्हींत दोष नव्हता.

माझी मुलगी दहावीत आहे. तिने सुटीत हा खेळ मनावर घेतला आणि चार संध्याकाळी खपून नवव्या मजल्यापर्यंत मजल मारली. तिथे तिने एका खोलीत मुक्काम केला, दारावर 'नाळे बा' लिहिले आणि जखमा भरून येण्याची वाट पाहत राहिली. आली ती भुते परत गेली. दुसऱ्या दिवशी ती सगळी आली, शिवाय नवी आली, तीही गेली. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले. चौथ्या दिवशी खडू संपला, आणि परतवून लावलेली एकोणीस भुते एकाच वेळी आत शिरली.

मला काय वाटले ते प्रांजळपणे सांगतो. मला आनंद झाला. माझ्याच वाड्याने मला चकित केले होते. टॉय आणि विचमन यांना जे हवे होते, ते मलाही साधले होते. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' नावाच्या अशाच एका अफाट खेळाची गोष्ट मी वाचली होती. टार्न अॅडम्स आणि त्याचा भाऊ यांचा हा खेळ २००६ साली प्रथम प्रसिद्ध झाला. २०१५ साली त्यात मद्यगृहे आली आणि मांजरे अकारण मरू लागली. शोध घेता असे दिसले की, जमिनीवर सांडलेले मद्य मांजरांच्या पायांना लागत होते, मांजरे पाय चाटीत होती आणि एका चाटण्यात पेलाभर मद्य पोटात गेल्याचा हिशेब संगणक करीत होता. मांजरे मारा, असा नियम कोणीच केलेला नव्हता. साध्या नियमांची एकमेकांशी गाठ पडली, एवढेच. मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने मुलीला सांगू लागलो. तिने ती अर्ध्यावर थांबविली आणि विचारले, "ते सगळं ठीक आहे, बाबा. पण माझं काय चुकलं?"

मी निरुत्तर झालो, कारण हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत होतो, तिथे एक वृद्ध विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कामासाठी येत असे. तिच्या अर्जाला एक दाखला लागे. तो तीन महिन्यांहून जुना चालत नसे. त्यासोबत दुसऱ्या एका कचेरीचे उत्तर लागे. ते यायला चार महिने लागत. उत्तर येई तेव्हा दाखला शिळा झालेला असे. दाखला ताजा असावा, हा नियम योग्यच होता. दुसऱ्या कचेरीला विचारावे, हाही योग्य होता. मी प्रत्येक वेळी तिला बसायला खुर्ची दिली आणि नम्रपणे सांगितले की, पुढच्या आठवड्यात या. एके दिवशी ती खुर्चीवर न बसता उभीच राहिली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "नन्न तप्पेनु, सार?" माझी चूक काय, साहेब?

तिचे काम अकरा महिन्यांनी झाले. त्यात माझे कर्तृत्व फारसे नव्हते. त्यानंतर मी एक प्रस्ताव लिहिला की, परत केलेल्या प्रत्येक कागदावर तो का परत केला आणि तो कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे दोन ओळींत लिहून द्यावे. तो प्रस्ताव विचाराधीन आहे.

आपला जुना मोक्षपट मला त्या रात्री आठवला. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटावर फासा दैवाचा असतो आणि साप खेळाडूला निर्दयपणे गिळतो. पण ज्या घरात साप तोंड उघडून बसलेला असतो, त्या घरात दोषाचे नाव लिहिलेले असते. कुठे क्रोध, कुठे मत्सर. खाली घसरणाऱ्याला आपण का घसरलो ते वाचता येते. नियम कठोर असण्याला माझी हरकत नाही. कठोरपणा काढला तर या खेळात उरते काय? परंतु नियम करणाऱ्याने चकित व्हावे आणि त्याची किंमत मात्र खेळणाऱ्याने अंधारात मोजावी, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. आपले नियम कुठे कुणाला घेरतात हे आधी कळत नसेल, तर निदान त्याला ते दिसावे एवढी सोय करणे आपल्या हाती असते.

एक भूत मी कमी केले नाही. फक्त परत गेलेल्या प्रत्येक भुतामागे दारावर खडूची एक रेघ उमटू लागली, आणि खेळाडू मेल्यावर शेवटच्या पानावर त्याच्या मरणाची हकीकत येऊ लागली. एवढ्या कामाला मला तीन आठवडे लागले.

मुलीने महिनाभर वाड्याकडे फिरकूनही पाहिले नव्हते. परवा ती पुन्हा बसली. दारावर पाच रेघा होताच तिने मुक्काम हलविला, आणि पुढे सहाव्या मजल्यावर चकव्याने तिला फिरवून फिरवून गिऱ्ह्याच्या तळ्यात नेऊन घातले. तिने शेवटचे पान लक्षपूर्वक वाचले. "या वेळी मात्र माझंच चुकलं," ती म्हणाली, आणि पहिल्या पायरीवर नव्याने उभी राहिली.