नेमाजीचं भांडं: शिक्का ‘इंडियन’, कारखाना मिनेसोटातला

 

‘नेमाजी’ म्हटलं की आपल्याला नेमाजी शिंदे आठवतात. पण आजचा नेमाजी अमेरिकेतला आहे. नेमाजी ही मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधून वाहत सुपीरियर सरोवराला मिळणारी एक नदी. नाव ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं. मिनेसोटातल्या मूस लेक गावात याच नावाचा एक कारखाना होता. 1923 साली तो फरशा बनवण्यासाठी सुरू झाला आणि 1929च्या सुमारास तिथे रंगीत भांडीही बनू लागली.

अमेरिकेतल्या अँटिकच्या दुकानांत, इस्टेट सेलमध्ये ही भांडी अजून हमखास दिसतात. छोट्या फुलदाण्या, सुरया, वाडगे. मातकट अंगावर निळे, तांबडे, हिरवे, काळे रंग एकमेकांत वळसे घेत उतरलेले.

हे वळसे ब्रशने काढलेले नाहीत, बरं का. रीत एकदम सोपी. भांडं आधी भट्टीत भाजून घ्यायचं. मोठ्या टाकीत पाणी आणि व्हिनेगर, त्यावर तेलकट रंग सोडायचे. रंग तरंगतात. मग भांडं त्यात बुडवून, हात जरासा फिरवत बाहेर काढायचं. पाण्यावरची रांगोळी अलगद भांड्यावर उचलून घ्यावी, तसंच काहीसं! म्हणून साचा एकच असला तरी दोन भांड्यांवरची नक्षी कधीच सारखी नसते.

आता गंमत अशी, की कित्येक भांड्यांच्या बुडाला शिक्का आहे ‘नेमाजी इंडियन पॉटरी’. इथलं ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, तर अमेरिकेतले आदिवासी. मोटारींचे दिवस आले होते, कुटुंबंच्या कुटुंबं सुट्टीत पश्चिमेकडे फिरायला निघत होती. वाटेवरच्या दुकानांतून त्यांना ‘आदिवासी कलेची’ आठवण हवी असायची. भांड्यावर त्या त्या ठिकाणाचं नाव टाकलं, की झाली सोव्हेनिअर. आदिवासी कुंभाराचा हात मात्र तिला लागलेलाच नसायचा.

यात बिघडलं काय? सांगतो. न्यू मेक्सिकोतल्या सॅन इल्डेफॉन्सो पुएब्लो गावच्या मारिया मार्टिनेझ यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. त्यांच्याकडच्या परंपरेत चाक नाही. मातीच्या वळकट्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं, दगडाने घासून चकाकी आणायची, नक्षी भाजण्याआधीच काढायची आणि मग उघड्यावर भाजायचं. एकेका भांड्यामागे किती मेहनत! शेजारी साच्यातलं स्वस्त भांडं त्याच नावाने विकायला ठेवलं, तर या कुंभारणीला तिचं मोल कोण देणार? म्हणूनच अमेरिकेत 1990चा कायदा आहे. आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे नेमाजी घेऊच नये का? जरूर घ्या! फक्त नेमाजी म्हणून घ्या, आणि नेमाजीच्याच भावात. विकणारा ‘आदिवासी’ शब्दाचे जास्त पैसे मागत असेल, तर भांडं उलटं करा आणि शिक्का वाचा. आत बोट फिरवून बघा, बहुधा गुळगुळीत काचेसारखा लेप लागेल. बाहेरचा रंग भाजलेला नाही, वरून बसलेला आहे. कडेला कुठे टवका उडाला असेल, तर खाली साधी माती दिसते.

इथे आणखी एक नाव लक्षात ठेवा: आर्कान्सामधल्या बेंटन गावचं निलोक. काओलिन ही पांढरी चिनी माती, तिचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की निलोक! त्यांच्या ‘मिशन’ भांड्यांवरही असेच वळसे दिसतात, पण ते रंगाचे नाहीत. वेगवेगळ्या रंगांची माती एकत्र करून चाकावर चढवलेली असते, त्यामुळे वळसे थेट मातीतच असतात. निलोकला साधारणपणे जास्त भाव मिळतो. तेव्हा दोन्हींत गल्लत करू नका.

नेमाजी घरी आणलंत, तर पाण्यात भिजत घालू नका, घासणी तर अजिबात नको. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, रंग फिके पडतात.

शेवटचं एक सांगतो. पाहुण्यांनी विचारलं, तर खरी हकिगत सांगा. मूस लेकच्या कारखान्यात कोणीतरी दिवसभर उभं राहून ही भांडी रंगात बुडवत होतं, प्रत्येक वेळी मनगट थोडं वेगळं वळवत. ते कामही खरंच आहे. त्याला दुसऱ्याचं नाव उसनं घ्यायची गरज नव्हती.

तुमच्याकडे असं एखादं भांडं असेल, तर बुडाच्या शिक्क्याचा फोटो काढून आम्हाला नक्की पाठवा.