पाहुण्यांचा कर आणि गावाचा हिशेब



आज आपण एका पावतीविषयी बोलू. पावती लहानशी, पण आता ती आपल्याला वाचता येते, म्हणून हा विषय घेतला.

माथेरानचे नाव तुम्ही ऐकले असेल. रायगड जिल्ह्यातले थंड हवेचे ठिकाण. पाहुण्यांच्या मोटारी तिथे दस्तुरी नाक्यावरच थांबतात. नाक्यावर नगरपरिषदेचा माणूस माणशी पैसे घेतो आणि पावती फाडतो. हा प्रवासी कर. गाव इवलेसे, पण सुटीच्या दिवशी माणसांची रीघ लागते. त्यांना पाणी पाहिजे, संडास पाहिजे, रात्री दिवे पाहिजेत. शिवाय घोड्यांची लीद! ती काय आपोआप उचलली जाते?

कोणी म्हणेल, "पाहुणा लॉजच्या बिलात कर भरतोच की. मग आणखी हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण बिलातला कर म्हणजे जीएसटी. तो १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यातला अर्धा दिल्लीच्या तिजोरीत जातो, अर्धा राज्याच्या. गावाच्या पेटीत तो थेट पडत नाही. नाक्यावरची पावती मात्र गावाची.

हे फक्त मोठ्या ठिकाणांचे काम नव्हे. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही यात्राकर आहे, जत्रेवरचा कर आहे. तो बसवायचा तर पंचायतीने ठराव करावा, नोटीस लावावी, गावकऱ्यांच्या हरकती ऐकाव्यात.

आता खरी मेख पाहा. पाहुण्याला गावात मत नाही. तो पैसे देतो आणि निघून जातो. मग त्या पैशाचे काय झाले, हे विचारायचे कोणी? लॉजवाला म्हणतो, जाहिरात करा, गर्दी वाढवा. हंडा घेऊन रांगेत उभी असलेली बाई म्हणते, आधी पाण्याचे बघा. दोघांचेही खरे.

हा तंटा परदेशातही आहे. फ्रान्स देशात मुक्कामाचा कर १९१० साली निघाला. तिथे गावाची पर्यटन कचेरी सरकारी संस्था म्हणून चालत असेल, तर तिच्या मंडळावर धंदेवाले बसतात, पण निम्म्याहून जास्त जागा लोकांच्या प्रतिनिधींच्या असतात. आम्हांला हे पटते. धंदेवाल्याचे ऐकावे, पण पेटीची किल्ली त्याच्या हाती नको.

आपल्याकडे विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत पंचायतीने जमाखर्च मांडायचा असतो, लेखापरीक्षणाचा शेराही ठेवायचा असतो. तिथे उठून विचारा. पावतीपुस्तके किती छापली? किती फाडली? कोरी किती उरली? वसुलीचा ठेका दिला असेल तर कोणाला, किती रकमेला? संडास किती बांधले? आवाज चढवू नका, कागद मागा. बायांनीही विचारावे; पाणी त्याच भरतात ना!

आणि पावतीवर नंबर असतो. जत्रेच्या दिवशी पहिल्या आणि शेवटच्या पावतीचा नंबर वहीत टिपून ठेवा. वजाबाकी करा, त्यात एक मिळवा. पहिली १०१, शेवटची ३००, तर पावत्या झाल्या २००. त्याला कराच्या दराने गुणा, आणि तो आकडा सभेला बरोबर घेऊन जा.