वनस्पतींचा संग्रह

मुंबई इलाख्यांतील वनस्पतिशास्त्राचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. त्याचा पाया पुष्कळ अंशीं चरितार्थासाठीं निराळाच उद्योग करणाऱ्या माणसांनीं घातला. १८३९ सालीं मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध झाली. तिचा कर्ता जॉन ग्रॅहॅम हा टपालखात्यांतील अधिकारी होता. १८६१ सालीं गिब्सनबरोबर 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध करणारा डालझेल आरंभीं जकातखात्यांत होता; आणि १९०१ ते १९०८ या काळांत इलाख्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ सिद्ध करणारा थिओडोर कुक हा मूळचा इंजिनियर. फुरसतीच्या वेळचा छंदहि शास्त्राच्या कामीं येतो तो असा.

या छंदाचें साहित्य घरोघर सांपडतें: जुनीं वर्तमानपत्रें, टीपकागद, दोन सपाट फळ्या आणि वर ठेवण्यास वजन. नुसतें फूल खुडून भागत नाहीं. पानांची मांडणी, फूल व साधल्यास फळ हीं एकाच डहाळीवर असावींत. एक-दोन पानें उलटीं ठेवावींत, म्हणजे मागील शिरा व लव दिसते. पहिले कांहीं दिवस कागद रोज बदलावे. पावसाळ्याच्या दमट हवेंत एका दिवसाचा आळस म्हणजे बुरशीला आमंत्रण. नमुना पूर्ण वाळल्यावर तो जाड कागदावर टांचावा अथवा चिकटवावा.

परंतु संग्रहाचा प्राण चिठ्ठींत असतो. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, झाडाची उंची कागदावर मावत नाहीं, आणि आपण कोठें उगवलों हें रोपट्याला सांगतां येत नाहीं. म्हणून स्थळ, तारीख, जमीन, रंग, वास व गोळा करणाराचें नांव हीं जागच्या जागीं टिपावींत. 'सह्याद्रि' एवढेंच लिहिलेला नमुना शोभेचा. 'लोहगड, कातळाची भेग, श्रावण' असें तारखेसह लिहिलेला नमुना पुरावा होय. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहांत लाखाहून अधिक नमुने आहेत. एखादा डोंगर खणला गेल्यावर तेथें काय उगवत होतें, याची साक्ष असेच कागद देतात.

येथेंच संग्राहकाच्या संयमाची कसोटी लागते. डालझेलनें मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांचें नांव जिला दिलें, ती फ्रेरिया अथवा शिंदळ माकुडी सह्याद्रीच्या मोजक्याच कड्यांवर आढळते. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाति तशाच दुर्मिळ असून त्यांचा पुढील वर्षीचा जीव जमिनींतील कंदांत असतो. असें रोपटें मुळासकट उपटणारा ज्ञान वाढवीत नाहीं. ज्याची नोंद करावयाची तेंच तो नाहींसें करतो. अशा वेळीं छायाचित्र व टिपण एवढ्यावर समाधान मानावें. अभयारण्यांत तर परवानगीवांचून पानहि तोडूं नये. विपुल असेल त्याचा नमुना घ्यावा, विरळ असेल त्याची नोंद घ्यावी, हा विवेक ज्याला साधला त्याचाच संग्रह पुढच्या पिढीला खऱ्या उपयोगाचा ठरतो.