धान्याच्या खोलीतील फरशीच्या दरजा घरच्या घरी भरा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा प्राध्यापक आज फरशीवर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु नांगरटीपासून मळणीपर्यंत आपण जे कष्ट करतो, ते शेवटी घरातील एका खोलीत येऊन थांबतात. त्या खोलीत वर्षाची ज्वारी असते, गहू असतो, डाळी असतात आणि पुढच्या हंगामाचे घरचे बियाणेही असते. शेतात किडीवर आपण बारीक लक्ष ठेवतो. मात्र त्या खोलीतील फरशीच्या सांध्यांकडे, म्हणजे गवंडी ज्यांना दरजा म्हणतात त्यांच्याकडे, फारसे कोणी पाहत नाही. या दरजा भरण्याचे काम घरातील दोन माणसे दोन दिवसांत करू शकतात. ते कसे करावे, हे आज आपण क्रमाने पाहू.

दरज म्हणजे किडीचे बिऱ्हाड

साठवणीतील सोंडेकिडा सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा असतो. खपरा भुंगेरा व पिठातील तांबडा भुंगेरा हेही साधारण तेवढेच. एवढ्याशा जिवाला दोन फरश्यांमधील उघडी फट म्हणजे ऐसपैस घर होय. त्या फटीत सांडलेले दाणे, कोंडा व पीठ साचते. खोली रिकामी करून झाडली, तरी झाडू फटीच्या तळापर्यंत पोहोचत नाही. खपऱ्याच्या केसाळ अळ्या तर अशा भेगांत अन्नावाचून कित्येक महिने सुस्त पडून राहतात आणि नवे धान्य आले की पुन्हा खायला लागतात. त्यामुळे उन्हात खडखडीत वाळवलेल्या गव्हालाही दोन महिन्यांत कीड दिसू लागली, तर दोष वाळवणीतच असेल असे नाही. कीड खोलीत आधीपासूनच बसलेली असू शकते.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. धुण्या-पुसण्याचे पाणी उघड्या दरजेतून फरशीखाली उतरते, तेथील भरावात मुरते आणि पुढे बरेच दिवस वर दमट हवा सोडत राहते. तृणधान्यात साठवणीच्या वेळी १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असू नये, हे आपण जाणता. सोयाबीनचे घरचे बियाणे ठेवणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. त्याचे टरफल पातळ व नाजूक असते आणि दमट जागी उगवणशक्ती झपाट्याने घटते. पेरणीसाठी ती किमान ७० टक्के असावी लागते. एका फटीपायी दुबार पेरणीची वेळ यावी, हे आपल्याला परवडणारे नाही.

आधी फरशी तपासा

दरजा भरण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात.

पहिली तपासणी आवाजाची. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहावी. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला किंवा फरशी पायाखाली हलत असली, तर तेथे दरज भरून उपयोग नाही. भर काही दिवसांतच तडकेल. अशी फरशी काढून नव्या मसाल्यावर पुन्हा बसवावी. काळ्या जमिनीवर पुरेसा मुरूम न भरता केलेल्या घरांत हा दोष वारंवार दिसतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, हे आपल्या रानातील भेगा दरवर्षी दाखवतातच. घराखालची मातीही त्याच गुणाची असते.

दुसरी तपासणी ओलीची. दीड फूट लांब व दीड फूट रुंद असा प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर अंथरावा व चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी तुकडा उचलून पाहावा. खालच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल जमिनीतून वर येत आहे असे समजावे. ही ओल दरजा भरल्याने पूर्ण थांबत नाही. त्यासाठी घराभोवतीचे पाणी दूर काढून देणे, पन्हाळीचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडू न देणे, ही कामे आधी करावीत.

साहित्य किती व कोणते

दरज ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असेल, तर वाळू नसलेली बारीक भुकटी वापरावी. बाजारात ती ग्राऊट या नावाने पाकिटात मिळते. त्याहून रुंद दरजेसाठी वाळूमिश्रित ग्राऊट घ्यावे. नुसते सिमेंट रुंद दरजेत भरल्यास आकसून मध्येच चिरते. शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांना एक भाग सिमेंट व एक भाग बारीक चाळणीने चाळलेली धुतलेली वाळू हे मिश्रण चालते. पांढरे सिमेंट अनेक ठिकाणी वापरतात. तथापि ते नुसते वापरल्यास आकसते, शिवाय तयार ग्राऊटमध्ये असलेले चिकटपणा वाढविणारे घटक त्यात नसतात. सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जुने किंवा गुठळ्या झालेले नसावे.

आता हिशेब करू. खोली १० बाय १२ फुटांची आणि टाइल एक फुटी असेल, तर १२० टाइल लागतात व दरजांची एकूण लांबी सुमारे २४० फूट, म्हणजे ७३ मीटर भरते. दरज ३ मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर खोल धरल्यास पावणेदोन लिटर जागा भरावी लागेल. त्यासाठी अंदाजे ३ किलो ग्राऊट लागते. सांडलवंड धरून साडेतीन किलो घ्यावे. दरज दुप्पट रुंद असेल तर मालही दुप्पट लागेल.

याखेरीज रबरी पट्टी बसवलेली थापी, दोन बादल्या, स्पंज, सुती फडकी, करवतीचे जुने पाते, अरुंद छिन्नी, कडक ब्रश आणि रबरी हातमोजे एवढी सामग्री पुरे.

जुनी दरज साफ करणे

सर्वांत कंटाळवाणे पण सर्वांत महत्त्वाचे काम हेच. सुटलेला जुना मसाला छिन्नीने व करवतीच्या पात्याने खरडून काढावा. टाइलच्या कडा फुटणार नाहीत याची काळजी घ्यावी. दरज टाइलच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोल मोकळी झाली पाहिजे. वरवर लावलेला पातळ थर पापडासारखा निघून येतो. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे आणि अधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारावा.

निघालेला कचरा अंगणात लोटू नये. त्यात अळ्या व अंडी असतात. तो गोळा करून घरापासून दूर खोल पुरावा किंवा जाळावा. नंतर दरजा ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसाव्यात. तेलकटपणा असल्यास साबणाच्या पाण्याने घासून धुवावे व एक दिवस वाळू द्यावे.

पाणी मोजूनच घाला

सिमेंट वाळल्यामुळे कडक होते, असा समज आहे. प्रत्यक्षात ते पाण्याशी संयोग होऊन कडक होते. या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी लागते. कालवण्यासाठी आपण त्याहून जास्त घालतो. ते जादा पाणी पुढे उडून जाते व त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. म्हणून पातळ कालवलेले मिश्रण पसरायला सोपे वाटले, तरी नंतर ते आकसते, भुसभुशीत होते व पाणी शोषते.

पाकिटावर लिहिलेल्या मापाचे तीन चतुर्थांश पाणी आधी घमेल्यात घ्यावे, त्यात भुकटी टाकत हलवावे आणि लागेल तसे उरलेले पाणी घालावे. मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट असावे. थापीवर घेतलेला गोळा थापी तिरपी केली तरी लगेच ओघळू नये. दहा मिनिटे ते तसेच ठेवून पुन्हा एकदा घोटावे. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते वापरू नये.

भरणे व पुसणे

सिमेंटच्या ग्राऊटसाठी दरजा भरण्यापूर्वी किंचित ओलसर कराव्यात. पेरणीला आपण वाफसा पाहतो, तसाच वाफसा येथेही हवा. कोरडी दरज मिश्रणातील पाणी ओढून घेते आणि पाणी साचलेल्या दरजेत मिश्रण पातळ होते. दाराच्या विरुद्ध कोपऱ्यातून सुरुवात करून मागे मागे सरकत यावे.

सुमारे दहा चौरस फूट जागा एका वेळी घ्यावी. थापी दरजेला तिरपी धरून मिश्रण जोराने आत दाबावे. दोन-तीन दिशांनी दाबल्याशिवाय तळापर्यंत भर जात नाही. त्यानंतर जादा माल थापीच्या कडेने तिरक्या रेषेत खरडून घ्यावा. सरळ रेषेत ओढल्यास कड दरजेत शिरून माल बाहेर काढते.

पंधरा ते तीस मिनिटांनी भर थोडी आवळली, की स्पंज ओला करून घट्ट पिळावा व हलक्या हाताने तिरपा फिरवावा. पाणी निथळणारा स्पंज वापरल्यास दरजेतील सिमेंट धुऊन निघते. दोन तासांनी टाइलवर जी पांढरी झाक राहते, ती कोरड्या सुती फडक्याने पुसावी. ही झाक काढण्यासाठी ॲसिड वापरू नये. ॲसिडने सिमेंट झिजते. शहाबादी फरशी तर चुनखडीचीच असल्याने तिचा पृष्ठभागही कायमचा खराब होतो.

ओलावा द्या, घाई करू नका

पहिले २४ तास खोलीत चालू नये. त्यानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दरजांवर पाण्याचा हलका फवारा द्यावा. उन्हाळ्यात काम केल्यास खिडक्या बंद ठेवाव्यात, म्हणजे गरम वाऱ्याने भर करपणार नाही. या तीन दिवसांकडे दुर्लक्ष झाले, तर आधीची सर्व मेहनत वाया जाते. आठवडाभर फरशी धुऊ नये व जड पोती ओढू नयेत.

भिंत व फरशी जेथे मिळतात, तेथील सांधा वेगळा हाताळावा. भिंत व फरशी थंडी-उन्हात सारख्या प्रमाणात हलत नाहीत, त्यामुळे तेथील सिमेंटची भर हमखास चिरते. हा कोपरा साफ व कोरडा करून त्यात सिलिकॉनची लवचीक भर घालावी. कीड बहुधा याच कोपऱ्यातून परतते, म्हणून तो विसरू नये.

ओले सिमेंट कातडी भाजते. हातमोजे घालावेत. डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

स्वयंपाकघर व दुधाची खोली

ताक, चिंच, लिंबू व सांडलेले आंबट दूध यांतील आम्ल सिमेंटला हळूहळू खाते. म्हणून ओट्याभोवती व दुधाची भांडी ठेवण्याच्या जागी इपॉक्सी ग्राऊट भरणे चांगले. ते महाग असते व लवकर घट्ट होते, त्यामुळे थोडे थोडे कालवावे. त्याला पाणी मारावे लागत नाही.

धान्य भरण्यापूर्वी

रब्बीची ज्वारी व गहू घरात येण्याच्या किमान पंधरा दिवस आधी हे काम उरकावे. दरजा भरल्या म्हणजे साठवणीचे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र समजू नये. धान्य वाळवलेलेच असावे, पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून एक-दीड फूट दूर ठेवावीत, जुने व नवे धान्य एकत्र करू नये आणि जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावीत. राहत्या घरात धुरीच्या विषारी गोळ्या कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो आणि दाराखिडक्यांच्या फटींतून शेजारच्या खोलीत पोहोचतो.

भगिनींना एक खास विनंती आहे. धान्याची निगा बहुतेक घरांत आपणच राखता, कीड प्रथम आपल्याच सुपात दिसते. या वर्षी खोली रिकामी झाली की गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात एकदा सर्व दरजा पाहा. जेथे कोंडा व भुगा दिसेल तेथे खडूने खूण करा आणि घरच्या मंडळींना दाखवा. त्या खुणांपासूनच कामाला सुरुवात करावी.