पदर, लाज आणि गोषा

(बमरोली, सुरत येथील मराठी भाषकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



स्त्रियांच्या डोक्यावरचे वस्त्र हा आजचा विषय. मी साहित्य शिकवते, म्हणून शब्दांपासून सुरुवात करते.

आपण बहुतेक जण खानदेशातून इथे आलेलो. घरात मराठी किंवा अहिराणी, दाराबाहेर गुजराती. या दोन शेजारी भाषांत एकच शब्दप्रयोग आहे, 'लाज काढणे'. गुजरातीत सून सासऱ्यासमोर लाज काढते, म्हणजे डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर ओढून घेते. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची ती रीत. मराठीत मात्र लाज काढणे म्हणजे चारचौघांत अब्रू घालवणे. शेजारच्या बेनने 'तुमची सून लाज काढते का?' असे कौतुकाने विचारले, तर गावाहून नुकती आलेली आपली सासूबाई दचकलीच पाहिजे! जे वस्त्र एका भाषेत लाज राखते, त्याचेच वर्णन दुसऱ्या भाषेत लाज घालवण्यासारखे ऐकू येते.

मराठीने पदराभोवती किती भाषा विणली आहे पाहा. मागायचे तर पदर पसरायचा, अनाथाला पदरात घ्यायचे, खिशाला चाट बसली की ती पदरमोड. सोयरिक जुळवताना दोन घराण्यांचा पदर लागतो की नाही ते पाहायचे. मुलगी वयात आली की तिला पदर आला. यांपैकी एकाही प्रयोगात धर्म नाही. नाते आहे, वय आहे, कूळ आहे. धार्मिक काव्यात पदर येतो तोही कसा? जनाबाईंच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात तो डोक्यावरून खांद्यावर येतो आणि ती तशीच भर बाजारात जायला निघते. भक्तीची सुरुवात तिथे पदर घसरण्याने होते.

'डोक्यावर पदर ही आपली परंपरा' असे आपण सहज म्हणतो. यातले 'आपली' म्हणजे कोणाची? शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात कुलीन मराठा घरची सवाशीण डोके उघडे ठेवून बाहेर पडत नसे. त्याच गावातली ब्राह्मण सवाशीण उघड्या डोक्याने, अंबाड्यात फुले माळून देवळात जाई. तिच्याकडे डोके झाकायची ती विधवा. केशवपन केलेले, आलवणाच्या पदराखाली लपवलेले डोके. म्हणजे एका घरात जे कुलीनपणाचे चिन्ह, तेच दोन घरे सोडून दुर्दैवाचे. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असे मुंबईच्या नाभिक समाजातील कारागिरांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये ठरवले, तेव्हा त्यांनी फक्त केसांचा प्रश्न उचलला नव्हता. त्या आलवणालाच हात घातला होता.

शेतातल्या बाईचा पदर आणखी निराळा. तो उन्हासाठी, चुंबळीखाली, घाम पुसायला. तिला गोषा परवडतच नव्हता.

'गोषा' हा शब्द आता माझ्या वर्गात कोणाला कळत नाही. फारसीत 'गोशा' म्हणजे कोपरा. बाईने कुठे राहायचे ते शब्दातच सांगून टाकलेले! गोषा मोडण्याचे मराठीतले एक ठळक उदाहरण आपल्या गुजरातेतलेच आहे. बडोद्याच्या महाराणी दुसऱ्या चिमणाबाई 1885 मध्ये सयाजीराव गायकवाडांशी विवाह करून आल्या, त्या गोषातच. पुढे पतीबरोबर परदेश पाहिले, 1911 मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीवर सिद्धमोहन मित्र यांच्याबरोबर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, गोषा सोडला आणि 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गोषा सोडला तरी त्यांनी नऊवारी सोडली नाही, पदरही सोडला नाही. सोडला तो कोपरा. 1906 पासून बडोदे संस्थानात मुलींनाही शिक्षण सक्तीचे झाले होते, ते विसरून या गोष्टीकडे पाहता येणार नाही. राणीला गोषा सोडायला राजाची साथ होती. बाकीच्यांना निदान शाळेची हवी.

आता सुरत पाहा. एवढ्या जवळजवळ इतक्या तऱ्हांनी झाकलेली डोकी फार थोड्या शहरांत दिसतील. बोहरी भगिनींची रंगीत, लेस लावलेली रिदा, चेहरा मोकळा. इतर मुसलमान घरांत कुठे काळा बुरखा, कुठे नुसती ओढणी, कुठे काहीच नाही. वयस्क पारशी बाईचा पांढरा माथाबाना. अग्यारीत आणि गुरुद्वारात तर पुरुषांनीही डोके झाकायचे असते. ख्रिस्ती परंपरेत संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात उलटे आहे: प्रार्थनेच्या वेळी बाईने झाकावे, पुरुषाने उघडे ठेवावे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या संहितेत बाईने डोके झाकण्याचा नियम होता, 1983 च्या संहितेत तो उरला नाही. गोव्यातल्या जुन्या बायका चर्चला जाताना जी पांढरी 'ओल' डोक्यावरून घेत, ती आता जुन्या छायाचित्रांत पाहायची.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे उधना दरवाज्याचा सिग्नल. एप्रिलच्या उन्हात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा ओढणीत बांधतात. त्यातली पाटील कोण आणि पटेल कोण, शेख कोण, ओळखून दाखवा. तिथे कोणी आक्षेप घेत नाही.

सुरत-भुसावळ गाडीने तुम्ही सगळेच जाता. नवापूर स्टेशनात दोन राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. इथून ड्रेस घालून निघालेल्या सुना नंदुरबार मागे पडले की ओढणी डोक्यावर घेतात; काही जणी सासर जवळ आले की साडीच नेसतात. परत येताना हेच उलट्या क्रमाने. त्यांना विचारले की हसतात. 'मॅडम, गाडीत आम्ही दोन्हीकडच्या', असे एकीने सांगितले. या हसण्याला मी सक्तीही म्हणणार नाही, स्वातंत्र्यही म्हणणार नाही. तो व्यवहार आहे, आणि बायका तो फार हुशारीने करतात.

पण व्यवहाराला जागा हवी, आणि ती कमी होते आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी वर्गातील हिजाबबंदी कायम ठेवली. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तेव्हापासून गणवेशाच्या बैठका जागोजागी होतात. अशाच एका बैठकीत, संस्थेचे नाव सांगत नाही, 'डोके झाकून प्रवेश नाही' असे वाक्य मसुद्यात होते. लग्नानंतर परीक्षेला येणाऱ्या आपल्या मुली डोक्यावर पदर घेऊन येतात, त्यांचे काय, असे मी विचारले. 'ते वेगळे, ती संस्कृती', असे उत्तर आले. मी ते वाक्य काढायला सांगितले. ते अजून निघालेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डोके झाकल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, अशा मुली सगळ्या धर्मांत माझ्या वर्गात बसल्या आहेत. घरचा हुकूम हा हुकूमच असतो, तो वडिलांचा असो की सासूचा. अशा मुलीला दारातून परत पाठवले, तर घर जिंकते आणि तिची पदवी जाते. कपड्याविषयी तिचे मत काय, हे तिला पुढे पाच वर्षांनी सुचेल. त्यासाठी आज ती बाकावर बसलेली असायला हवी.

सभेत साठीपुढच्या बऱ्याच आजी आहेत. तुमच्या गावी कोणासमोर पदर घ्यायचा, कोणासमोर नाही, दिरापुढे चालायचे का, माहेरी आल्यावर काय, आणि त्याला अहिराणीत कोणता शब्द होता, हे चहाच्या वेळी सांगा. वह्या घेऊन आमच्या विद्यार्थिनी दाराशी बसल्या आहेत. त्यांतल्या दोघींनी डोक्यावरून ओढणी घेतली आहे, एकीने स्कार्फ बांधला आहे. तिघींनाही अहिराणी येते.